जोडीचा जोर

यंदाच्या अंकाचा विषय 'जोर' आहे, असं संपादकांनी कळवलं, तेव्हा कुस्तीवर कुणीतरी लिहीलच आणि राजकारणावर तर चौघे लिहितील, हे उघड होतं. मी म्हटलं, मोटरसायकलच्या इंजिनावर लिहितो. दोन सिलिंडरच्या. आणि तेही जळगाव जामोदला जाऊन. संपादक म्हणाले, "अहो, पुणं आहे, कोल्हापूरचं उद्यमनगर आहे. ते सोडून बुलढाणा जिल्ह्यात कशाला?"

पुण्या-कोल्हापुरात लागेल ते हाकेवर मिळतं. बोअर मारणारा वेगळा, हेड फेस करणारा वेगळा, पाइप वाकवणारा तिसराच. काम झटपट होतं, पण कुठल्या कामाने काय झालं ते कळत नाही. जळगाव जामोदचा मिस्त्री ब्लॉक अकोल्याला पाठवतो आणि तो परत येईपर्यंत गाडी फळकुटावर ठेवून बसतो. म्हणून पाठवण्याआधी तो बराच विचार करतो. तो विचार मला ऐकायचा होता.

जळगाव जामोद हे सातपुड्याच्या पायथ्याचं तालुक्याचं गाव. गावात रेल्वे नाही. गाडी धरायची तर नांदुऱ्याला जायचं. उत्तरेला डोंगर, त्यापलीकडे मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर. दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सुरू होतो. तिथल्या बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घातलं की वर्षा-दोन वर्षांत आतून दगडी पापुद्रे निघतात, त्यामुळे हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाबद्दल इथे जरा जास्तच माया आहे. तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि पीकपाण्याचं भाकीत बाहेर पडतं. गॅरेजवाल्याचं भाकीत मात्र कापसाच्या भावावर ठरतं. कापूस विकला की इंजिनं उघडतात, भाव पडला की नुसतं ऑइल बदलून गाडी पुढे ढकलली जाते.

मिस्त्रींचं नाव मी छापत नाही, तशी अट त्यांनीच घातली. "लिहा काय लिहाचं ते, पन नाव नोका टाकू भाऊ. आरटीओवालेबी दिवाळी अंक वाचतात."

पोळ्याच्या सुमारास मी गेलो तेव्हा गॅरेजात दोन जोड्या होत्या. एक राजदूत 350, जिला सगळे नुसतं आरडी म्हणतात. तिचं इंजिन गोणपाटावर सुटं पडलेलं. दुसरी रॉयल एन्फिल्डची 650 सीसीची इंटरसेप्टर. तिचा मालक चाकणच्या कारखान्यात नोकरीला असलेला इथलाच मुलगा, सणाला गावी आलेला. दोन्ही मालकांचं मागणं एकच: थोडा जोर वाढवून द्या.

जोर म्हणजे किती

अश्वशक्तीची व्याख्या मोटेवर पाणी काढलेल्या पिढीला लगेच समजते. 75 किलोचं ओझं एका सेकंदात एक मीटर वर नेलं की झाली एक मेट्रिक अश्वशक्ती. इंटरसेप्टरच्या कागदावर 47 लिहिलेले असतात. म्हणजे साडेतीन टन वजन दर सेकंदाला मीटरभर वर. ऐकायला अचाट वाटतं, पण ते साधतं फक्त एका ठरावीक फेऱ्यांवर, मिनिटाला सव्वासात हजारांच्या आसपास.

गॅरेजात कुणी अश्वशक्ती म्हणत नाही. तिथे शब्द दोन, पिकअप आणि टॉप. टॉप म्हणजे सर्वांत जास्त वेग. पिकअप म्हणजे बहुतांशी टॉर्क, क्रँकला बसणारा पीळ. टॉर्कला फेऱ्यांनी गुणलं की ताकद येते, बाकी काही नाही. इंटरसेप्टरचा सर्वांत जास्त पीळ 52 न्यूटन-मीटर, तो सव्वापाच हजार फेऱ्यांवर मिळतो. तिथे गुणाकार केला तर ताकद 39 अश्वशक्तीच्या जवळ येते. सव्वासात हजारांवर पीळ उतरून 46 वर आलेला असतो, तरी फेरे वाढल्यामुळे गुणाकार 47 वर जातो. शर्यतीच्या गाडीचा सगळा खेळ हा पीळ वरच्या फेऱ्यांपर्यंत टिकवून धरण्याचा असतो. घाट चढणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. त्याला पीळ खालीच हवा.

मिस्त्रींनी आरडीच्या मालकाला पहिला प्रश्न केला तो हाच. "जोर कुठं पाह्यजे? नांदुऱ्याच्या सपाट रोडवर का बऱ्हानपूरच्या घाटात?" मालक म्हणाला, दोन्हीकडे. मिस्त्री हसले. दोन्हीकडे हवा असेल तर इंजिन मोठं करावं लागतं, आणि तसं केलं की प्रत्येक भागाचा हिशेब बदलतो. नुसता घाटच चढायचा असेल तर पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान करा. अश्वशक्ती तेवढीच राहते, चाकावरचा जोर वाढतो, टॉप जातो. निम्मी गिऱ्हाइकं एवढ्यावरच खूश होऊन जातात, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं.

गोणपाटावरची आरडी

राजदूत 350 एस्कॉर्ट्सने 1983 मध्ये आणली. यामाहाच्या आरडी 350ची ही भारतीय आवृत्ती: दोन सिलिंडर शेजारी शेजारी, टू-स्ट्रोक, 347 सीसी, सहा गिअर. जपानी गाडीला 39 अश्वशक्ती होत्या. इथली आली ती 30.5 वर आणि नंतर 27 वर उतरवलेली, कारण बुलेट आणि येझदी चालवणाऱ्या देशात तिचं पेट्रोल पिणं कुणाला परवडेना. आजही जुने लोक पहिलीला हाय टॉर्क आणि दुसरीला लो टॉर्क म्हणतात. जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याला ड्रम मिळाला. दशक संपता संपता तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे ही गाडी जन्मली तीच गळा आवळलेल्या अवस्थेत, आणि गेली चाळीस वर्षं देशभरचे मिस्त्री तो गळा मोकळा करण्याच्या मागे आहेत.

टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वर-खाली होताना त्या उघडतो आणि झाकतो. जळका धूर बाहेर जाण्याची खिडकी वर, ताजं मिश्रण आत येण्याच्या खिडक्या थोड्या खाली. धुराच्या खिडकीची वरची कड दीड-दोन मिलिमीटरने वर नेली की ती लवकर उघडते आणि उशिरा मिटते, त्यामुळे जास्त फेऱ्यांवर सिलिंडरला श्वास घ्यायला वेळ मिळतो. कमी फेऱ्यांवर मात्र भरलेलं मिश्रण तिथूनच निसटतं. पोर्टिंग म्हणतात ते एवढंच, आणि त्यात परत फिरणं नाही. घासलेलं लोखंड पुन्हा चिकटत नाही.

मिस्त्रींची पद्धत मी जवळून पाहिली. त्यांनी वहीच्या कागदाची सुरळी करून सिलिंडरमध्ये घातली, बोट फिरवून कागद भिंतीला चिकटवला आणि पेन्सिल आडवी धरून खिडक्यांच्या कडा घासून घेतल्या. कागद बाहेर काढून पसरला तर सगळ्या पोर्टांचा नकाशा उमटलेला. दुसऱ्या सिलिंडरचाही तसाच काढला. मग दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. कडा जुळत नव्हत्या. डाव्या सिलिंडरची धुराची खिडकी उजव्याहून जवळजवळ मिलिमीटरभर उंच. कारखान्यातून अशी आली की मधल्या कुठल्या मिस्त्रीने एकाच बाजूला हात मारून सोडून दिली, देव जाणे.

"आता पाहा," ते म्हणाले, "हा कोन्हाचा जोर वाढवाचा? डाव्याचा का उजव्याचा?"

खिडकी रुंद करण्याचा मोहही असतो. पिस्टनची रिंग बाहेरच्या बाजूला ताणलेली असते. समोर रुंद भोक आलं की ती त्यात फुगते, कडेला अडकते आणि तुटते. तुटलेला तुकडा सिलिंडरला वरपासून खालपर्यंत ओरखडतो. म्हणून रुंदी वाढवली तरी बेताने, आणि कड बारीक दगडाने गोल करून. दोन खिडक्यांना गोल कडा द्यायला मिस्त्रींनी जेवणानंतरची सगळी दुपार घेतली. त्या वेळात तीन स्कूटर दुरुस्तीला आल्या आणि उद्या या म्हणून परत गेल्या.

वितळतारेची परीक्षा

हेडचं काम त्याहून नाजूक. पिस्टन सर्वांत वर पोचतो तेव्हा त्याची कड आणि हेड यांच्यात उरणाऱ्या फटीला स्क्विश म्हणतात. ती फट जेवढी नेमकी, तेवढं मिश्रण मधोमध ढकललं जातं आणि लवकर, एकसारखं जळतं. फट मोठी राहिली तर कडेला अडकलेलं मिश्रण आपोआप पेट घेतं, आणि ढणढण आवाज करत पिस्टनला भोक पडतं. लहान झाली तर तापून लांबलेला कनेक्टिंग रॉड पिस्टनला हेडवर आपटवतो. अशा इंजिनात मिलिमीटरच्या जवळपासची फट चांगली मानतात.

ती मोजायला मिस्त्रींकडे कसलंही महागडं यंत्र नाही. रेडिओवाले वापरतात ती वितळतार त्यांनी प्लगच्या भोकातून आत सरकवली, टोक सिलिंडरच्या भिंतीला टेकवलं आणि किकवर हाताने जोर देऊन क्रँक एक फेरा फिरवला. बाहेर काढलेल्या तारेचं टोक चपटं झालं होतं. त्याची जाडी व्हर्नियरवर पाहिली. मग हीच कृती पुढून, मागून आणि दुसऱ्या सिलिंडरवर. आकडे जुळेनात. एका बाजूला गॅस्केट जाड होतं. तेवढं बदललं आणि दोन्ही आकडे एकमेकांजवळ आले.

पूर्व जर्मनीहून आलेला पत्रा

आरडीचं बोलणं सायलेन्सरशिवाय पुरं होत नाही. टू-स्ट्रोकचा धूर बाहेर पडताना पाइपमधून दाबाची लाट धावते. पाइप पुढे फुगत गेला की उलटी ओढ तयार होऊन सिलिंडरातला धूर शोषून घेतला जातो. फुगा पुन्हा निमुळता झाला की लाट आपटून परत येते आणि निसटू पाहणारं ताजं मिश्रण आत ढकलते. पत्र्याचा फुगा पंपाचं काम करतो, आणि त्याला हलणारा एकही भाग लागत नाही.

हे गणित पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेनने 1950च्या दशकात बसवलं. युद्धकाळात त्याने क्षेपणास्त्रांवर काम केलेलं होतं. 1961 पर्यंत त्याचं 125 सीसीचं शर्यती इंजिन 25 अश्वशक्तीपर्यंत गेलं होतं, दर लिटरला 200. त्याच वर्षी त्याचा स्वार अर्न्स्ट डेगनर स्वीडनच्या शर्यतीतून पश्चिमेकडे पळाला, सुझुकीत गेला आणि 1962 मध्ये 50 सीसीची जगज्जेती गाडी चालवली. काडेनचं गुपित त्याच्याबरोबर जपानला पोचलं. तिथून यामाहापर्यंत, आणि आरडीमार्गे भारतातल्या पत्रेवाल्यांपर्यंत.

हिशेब गॅरेजच्या पाटीवरही होतो. आठ हजार फेरे म्हणजे एका फेऱ्याला साडेसात मिलिसेकंद. धुराची खिडकी त्यातला निम्म्याहून थोडा जास्त वेळ उघडी, म्हणजे चार मिलिसेकंद. तापलेल्या धुरात आवाजाचा वेग सेकंदाला पाचशे मीटर धरला तर तेवढ्या वेळात लाट दोन मीटर धावते. जाऊन परत यायचं असल्याने पाइपची उपयोगी लांबी मीटरभर. जास्त फेऱ्यांवर जोर हवा तर पाइप आखूड, घाटात हवा तर लांब. दोन सिलिंडरांचे दोन पाइप, आणि त्यांच्या लांबीत फरक पडला तर एक सात हजारांवर ओढतो, दुसरा साडेसातावर. गावातल्या पत्रेवाल्याने कोठीच्या नरसाळ्यांसारखे शंकू वळवून दिले होते. मिस्त्रींनी ते परत पाठवले, कारण एका शंकूची शिवण पाव इंच आत आली होती.

जोडी

विदर्भात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, माहीत नसलेला माणूस विरळा. अशा शर्यतींना परवानगी देणारा, महाराष्ट्राने 2017 मध्ये केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाने 18 मे 2023 रोजी ग्राह्य धरला. पटाच्या बैलजोडीबद्दल जे बोललं जातं, तेच मिस्त्री सिलिंडरबद्दल बोलतात. एक ओढतो आणि दुसरा नुसता चालतो, अशी जोडी कधीच जिंकत नाही, उलट ओढणारा आधी मरतो.

आरडीला सगळंच दोन. दोन कार्बोरेटर, दोन प्लग, दोन कॉन्टॅक्ट पॉइंट. क्रँककेससुद्धा आतून दोन भागांत सीलबंद, एकाची हवा दुसऱ्याला नाही. म्हणजे ती एका चौकटीत बांधलेली दोन एकसिलिंडरी इंजिनंच. एका पॉइंटची फट वाढली तर एकाच सिलिंडरचं टायमिंग सरकतं. एका कार्बोरेटरची केबल लांबली तर एकाचीच स्लाइड उशिरा उठते. चालवणाऱ्याला काय वाटतं? गाडी दमली, जोर कमी झाला. मग तो पाइप आणि पोर्टिंगच्या मागे लागतो.

इंजिन बांधून झाल्यावर मिस्त्रींनी आधी एअर फिल्टरचे पाइप काढून दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडात एकेक बोट घातलं आणि हाताखालच्या पोराला थ्रॉटल हळूच फिरवायला सांगितलं. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी बोटाला लागायला हव्यात. मग गाडी चालू करून दोन्ही सायलेन्सरच्या टोकांमागे तळहात धरले. डाव्या हातावर धक्के घट्ट, उजव्यावर सैल. स्क्रू पाव फेरा. पुन्हा हात. शेवटी दोन्ही बेंड पाइपांवर पाण्याचे थेंब शिंपडले. दोन्हीकडचे थेंब सारख्याच चटक्याने उडाले तेव्हा कुठे ते उठले. मोजमापाचं एकही उपकरण यात नव्हतं, तरी माझ्या कानांना न कळणारा फरक त्यांच्या तळहाताला कळला. डिजिटल व्हॅक्युम गेज त्यांनी फोनवर पाहिलंय. "घेऊ कधीतरी," म्हणाले, पण त्यात काही उत्साह नव्हता.

यातून जोर किती वाढला, याचा आकडा माझ्याकडे नाही. मालक फेरी मारून आला आणि म्हणाला, पोर्टिंग मस्त झालं. पोर्टिंग अजून झालंच नव्हतं. फक्त कडा गोल झाल्या होत्या आणि जोडी जुळली होती.

मे महिना आणि डिसेंबरची पहाट

जोर म्हणजे शेवटी आत गेलेली हवा. आणि हवा इथे वर्षभर एकसारखी नसते. मे महिन्यात पारा 45 वर जातो, डिसेंबरच्या पहाटे 10 वर येतो. थंड हवा दाट असते; या दोन टोकांत फरक 11 टक्क्यांचा. कार्बोरेटरला हे कळत नाही. मे महिन्यात नेमका बसवलेला जेट डिसेंबरच्या पहाटे कमी पेट्रोल सोडतो, मिश्रण कोरडं होतं, पिस्टन तापतो आणि सपाट रस्त्यावर, फुल थ्रॉटलवर गाडी अचानक जॅम होते. पिस्टन जाम झालेली इंजिनं थंडीतच जास्त येतात, हे मिस्त्रींचं निरीक्षण मला आधी उलटं वाटलं होतं. आता ते अगदी बरोबर बसतं.

त्यात पेट्रोल बदललं. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला हवा कमी लागते. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला हवेचे 14.7 भाग, तर या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जुन्या जेटमधून तेवढंच द्रव बाहेर पडलं तर इंजिन आपोआप कोरडं चालतं. चाळीस वर्षांच्या आरडीचा मालक काहीही न करता आपलं इंजिन जाळू शकतो. म्हणून आता जेट एक-दोन नंबर मोठे बसवले जातात, कार्बोरेटरमधली जुनी रबरं बदलली जातात आणि टाकी फार दिवस अर्धी ठेवायची नाही असं बजावलं जातं, कारण इथेनॉल हवेतलं पाणी धरतं.

दुसरी बाजूही आहे. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो, आणि वाफ होताना ते आतली उष्णताही शोषतं. कॉम्प्रेशन वाढवणाऱ्याला हवं असतं ते हेच. मका पिकवणाऱ्या तालुक्यात मक्यापासून केलेलं इंधन शर्यतीच्या इंजिनाला मानवावं, हा योगायोग मला मजेदार वाटला. शेतकऱ्याला त्यातून काय मिळतं, तो वेगळ्या लेखाचा विषय.

चाकणहून आलेली

इंटरसेप्टरची तऱ्हा निराळी. 2018 मध्ये आलेलं हे इंजिन फोर-स्ट्रोक. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि वर एकच कॅमशाफ्ट. दोन पिस्टनांच्या क्रँकमध्ये 270 अंशांचं अंतर ठेवलंय, त्यामुळे ठोके समान अंतराने पडत नाहीत. एक पडतो, लगेच दुसरा, मग लांब दम. इथे कार्बोरेटर नाही. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, ते कंप्यूटर ठरवतो.

मुलाने सायलेन्सर बदलून आणला होता आणि जोर वाढल्याची त्याची खात्री होती. आवाज नक्कीच वाढला होता. सावकाश चालताना ऑक्सिजनचा सेन्सर धुराचा अंदाज घेऊन पेट्रोल दुरुस्त करत राहतो, म्हणून मोकळ्या सायलेन्सरने फारसं बिघडत नाही. थ्रॉटल पूर्ण उघडला की कंप्यूटर सेन्सरचं ऐकणं थांबवतो आणि कारखान्यात लिहून दिलेला तक्ता वाचतो. तो तक्ता जुन्या सायलेन्सरसाठीचा. म्हणजे सर्वांत जास्त जोर लागतो तिथेच मिश्रण कोरडं. त्यावर उपाय म्हणून बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचा पॉवरट्रॉनिकसारखा डबा वायरिंगमध्ये जोडतात आणि तक्ता बदलतात.

त्याची खरी इच्छा निराळी होती: बोअर वाढवायचा. कारखान्याचा पिस्टन 78 मिलिमीटरचा, स्ट्रोक 67.8चा. पिस्टन 84चा बसवला की इंजिन 750 सीसीच्या घरात जातं. अमेरिकेतल्या एस अँड एस सायकलने तयार केलेल्या एन्फिल्डच्या जुळ्या सिलिंडरवर कायला रिव्हास या अठरा वर्षांच्या मुलीने 2018 मध्ये बोनव्हिलच्या मिठाच्या सपाटीवर ताशी 150 मैलांचा टप्पा ओलांडला होता. तो व्हिडिओ या पोराने मिस्त्रींना दाखवला. मिस्त्रींनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि विचारलं, "हे किती वेळ पयली?" काही मिनिटं. "आन तुले पुन्याले किती वेळ लागते?"

इंजिन मोठं केलं की त्याच ब्लॉकमधून जास्त उष्णता बाहेर काढावी लागते, थंड करणाऱ्या पात्या मात्र तेवढ्याच राहतात. मोठ्या बोअरला स्लीव्हची भिंत पातळ पडते. क्लच, साखळी, गिअरचे दात कारखान्याने 47 अश्वशक्ती आणि त्यावर थोडं राखून बनवलेले. जो जोर वाढतो तो या राखून ठेवलेल्यातून. सपाटीवर काही मिनिटं पळणाऱ्या गाडीला ते चालतं. चाकणहून जळगाव जामोदला उन्हाळ्यात दिवसभर चालणाऱ्या गाडीचा हिशेब वेगळा.

मोजायचं कुठे

जोर वाढला हे ठरवायचं कसं, यावर गॅरेजात वाद मिटत नाही. पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था 1966 पासून इंजिनं ब्रेकला जोडून मोजते; ब्रेक हॉर्सपॉवर हे नावच अशा ब्रेकवरून आलं. मोठ्या शहरांत चाकाखाली रोलर फिरवणारे डायनोही आहेत. एका डायनोचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही, तापमान आणि दाबाची दुरुस्ती कुणी करतं, कुणी करत नाही, आणि चाकावर मोजलेली ताकद क्रँकवरच्या ताकदीपेक्षा कमीच भरते. त्याच डायनोवर, त्याच दिवशी, आधी आणि नंतर मोजलेल्या आकड्यांवर मात्र विश्वास ठेवता येतो.

मिस्त्रींचा डायनो म्हणजे बऱ्हाणपूरचा घाट. ठरलेल्या पुलापासून तिसऱ्या गिअरमध्ये निघायचं, ठरलेल्या वळणावर काटा कुठे पोचतो ते पाहायचं. तोच चालवणारा, तेवढीच टाकी, सकाळची तीच वेळ. पद्धत शास्त्राला धरून आहे, एवढंच की वळणावर समोरून कापसाचा ट्रक आला तर प्रयोग रद्द.

आरटीओचा प्रश्न

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, कारखान्याने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. एमएच 28 पासिंगची 650 सीसीची गाडी 750 करून रस्त्यावर आणली की ती या कलमात बसते. अपघात झाला तर विमा कंपनी इंजिन उघडून पाहू शकते, हेही ध्यानात ठेवायचं.

कायद्याचं मला एका बाबतीत पटतं: ब्रेक. ताशी 100 वरून 120 वर गेलं तर वेग 20 टक्क्यांनी वाढतो, पण थांबवताना जिरवावी लागणारी ऊर्जा 44 टक्क्यांनी वाढते. आरडीचा पुढचा ड्रम 27 अश्वशक्तीलाही जेमतेम पुरायचा. 40 अश्वशक्तीची आरडी मूळ ड्रमवर चालवणारे मला बरेच भेटलेत, आणि सगळे तेच अभिमानाने सांगतात.

जोर वाढवायची हौस भागवायला जागा आहेत, पण त्या लांब आहेत. चेन्नईजवळची आणि कोइंबतूरची शर्यतपट्टी, जिथे एन्फिल्डच्या 650च्याही शर्यती भरतात. आपल्याकडे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग व्हायच्या. विदर्भात काही नाही. म्हणून हायवेवर रात्री जे चालतं ते चालतं.

एकाचा गेला की दोघांचा

आरडीचा शेवट पिस्टनच्या मापात अडकला. सिलिंडर झिजला की बोअर मारून मोठा पिस्टन बसवायचा: 0.25, मग 0.50, 0.75 आणि शेवटी 1.00. त्यापुढे नवी स्लीव्ह. एका सिलिंडरला ओरखडा पडला तरी दोन्ही बोअर मारावे लागतात, नाहीतर जोडी बिघडते. या आरडीचा डावा सिलिंडर 0.75 वर, उजवा 0.50 वर, आधीच्या कुणीतरी एकावरच भागवलेलं. मालकाने एकाच मापाचे दोन चांगले पिस्टन शोधायचे आणि ब्लॉक अकोल्याला जायचा, असं ठरलं. नवा बोअर मारल्यावर पहिले पाचशे किलोमीटर थ्रॉटल अर्ध्याच्या वर नाही, आणि एकाच वेगाने लांब पळवायचं नाही, हेही त्यांनी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

चाकणच्या मुलाने निघताना पुन्हा विषय काढला. पुण्यात एक जण 750चं किट बसवून देतो म्हणाला. मिस्त्रींनी अडवलं नाही. ब्रेकचे पॅड आधी बदल, ऑइल कूलरला पत्र्याची जाळी लावू नको, हवा अडते, एवढं सांगून ते म्हणाले, "आन तो जुना पिस्टन काढतीन ना, तो इकडं घेऊन ये. मले त्याचा स्कर्ट पाह्याचा हाय."

"कशाला, काका?"

"पुन्याचा रोड त्याच्यावर कसा उमटला ते पाहू दे. मंग सांगतो, नवा किती दिवस टिकीन ते."